चारही पाकिटं माझ्याच टेबलावरची

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा बसलो टाईप करायला आणि दोन्ही वेळा फाईल सेव्ह न करताच बंद केली. आज तिसऱ्यांदा बसलोय, कारण मंगळूला बुधवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तोंडानं बोलायला गेलो की मी गडबडतो. हातानं बरं जमतं. म्हणून आधी हातानं.

गिऱ्हाईक आलं की थांबावं लागेल. तुकड्या-तुकड्यातच येईल सगळं. चालवून घ्या.

मी मनोज. मूळचा सटाण्याचा. दहावीला गणितानं दोनदा पाडलं, मग नाशकात आलो आणि पंचवटी कारंजाच्या मागच्या गल्लीत एका झेरॉक्सच्या दुकानात लागलो. मालकानं कॉम्प्युटर आणला तेव्हा तो चालू कसा करायचा हे त्यालाही माहीत नव्हतं. मी शिकलो. क्लास नाही, पुस्तक नाही. एक एक बटण दाबून बघायचं, काय होतंय ते लक्षात ठेवायचं. कुठल्या बटणाखाली कुठलं मराठी अक्षर आहे हे पाढ्यासारखं पाठ केलं. पाढे काही पाठ झाले नव्हते, हे झालं. आता मालक सकाळी येतो, उदबत्ती लावतो, जातो. दुकान माझ्यावर. लग्नपत्रिका, भाडेकरार, बायोडाटा, दशक्रियेची कार्डं. आणि कोटेशनं.

कोटेशनचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सरकारी पैशानं काही घ्यायचं असलं, खुर्च्या असोत, सिमेंट असो, झाडाची रोपं असोत, तर निदान तीन ठिकाणांहून दर मागवायचे. बंद पाकिटात. ती सगळ्यांसमोर फोडायची. ज्याचा दर कमी, त्याला काम. हा नियम. आणि माझ्याकडे येणाऱ्यांची रीत अशी, की ज्याला काम पाहिजे तोच तिन्ही पाकिटं बनवून घेतो. एक त्याचं स्वतःचं. बाकी दोन 'सपोर्टिंग'. म्हणजे दुसऱ्या दोन दुकानांच्या नावानं, दर थोडे चढे लावलेली, हरण्यासाठीच बनवलेली. याला कुणी खोटं म्हणत नाही. "सपोर्टिंग पण लागतील बरं का," असं म्हणतात, वड्याबरोबर चटणी मागावी तसं.

आणि मी त्यात तरबेज होतो. तिन्ही कागद एका दुकानातून आलेत असं कुणाला वाटता कामा नये ना. मग एकाला गोल अक्षर, दुसऱ्याला उभट. एकाचा समास सोडायचा, एकाचा कागद जरा पिवळट घ्यायचा. एकाची घडी तीन पदरी, दुसऱ्याची दोन पदरी. एखादा शिक्का मुद्दाम तिरका. सही करायला माणूस नसला तर मीच करायचो, एक उजव्या हातानं, एक डाव्या. डाव्या हाताची सही जास्त खरी वाटते. मला याचा अभिमान होता. हे वाक्य टाईप करताना कान गरम होतायत, पण होता.

थांबतो. लग्नपत्रिकेवाले आलेत, त्यांना गणपती बदलून पाहिजे.

हां. मंगळू.

मंगळू पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. कॉलेजसाठी नाशकात आला होता तेव्हा आम्ही पंचवटीत एका खोलीत राहायचो. खोली कसली, जिन्याखालची जागा. मला पगार मिळायचा महिन्याच्या शेवटी आणि तो संपायचा पहिल्या आठवड्यात. मग महिनाभर मंगळूच्या घरून आलेला तांदूळ आणि नागलीचं पीठ. त्याची आई, कुसाबाई, एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी द्यायची आणि आम्ही पेठ नाक्यावर जाऊन उतरवून घ्यायचो. पिशवीत नेहमी दोघांचं असायचं. मला न बघताच ती माझं धरून पाठवायची.

मंगळू बीए झाला आणि गावी गेला. लोक गावाहून शहरात नोकरी शोधतात, हा उलटा. दोन हजार एक साली त्यांच्याकडे पाणलोटाची योजना आली. डोंगरावर चर खणायचे, नाल्यात दगडी बांध घालायचे, उतारावर झाडं लावायची, म्हणजे माती वाहून जायची थांबते आणि पाणी जिरतं. गावानं गावाची समिती नेमायची आणि पैसा समितीनं खर्च करायचा. शिकलेला म्हणून मंगळूला सचिव केलं. त्याला नियमांचं एक पुस्तक मिळालं होतं, ते तो शर्टाच्या आत, पोटाशी धरून फिरायचा. नाशकात आला की मला वाचून दाखवायचा. मी हसायचो.

"मंगळ्या, ही पुस्तकं कपाटात ठेवायला छापतात रे."

"मग आमच्याकडं कपाटच नाय," तो म्हणायचा.

गेल्या वर्षी त्यानंच पाड्यावरच्या बायकांना रोपवाटिका करायला लावली. म्हणाला, डोंगरावर लावायला रोपं लागणारच आहेत, ती बाहेरून कशाला, तुम्हीच करा, दर द्या, बसला तर तुमचं काम. बायकांनी करंज, आवळा, शिवण लावली. काळ्या पिशव्यांत माती भरून. उन्हाळाभर खालच्या झऱ्यावरून हंडे वाहून पाणी घातलं. कुसाबाई त्या गटाची पुढारी. रोपं कमरेएवढी झाली. यंदा लावली नाहीत तर मुळं पिशव्या फोडून बाहेर येतील आणि मग ती कुणाच्याच कामाची राहणार नाहीत.

म्हणून मे महिन्यात कुसाबाई माझ्याकडे आली, कोटेशन बनवायला. मंगळू घेऊन आला होता, पण तो रस्त्याच्या पलीकडे सहादूमामाच्या चहाच्या गाडीपाशीच थांबला. मी बाहेर जाऊन हाक मारली.

"चल ना आत. उन्हात काय उभा?"

"नको. आई जाईल आत. मी हितंच."

"का रे, दुकानात साप आहे का?"

"ती तुला दर सांगंल ना. माझ्या कानावर नको. मी सचिव हाय."

"अरे येड्या, तुझी आई आहे ती!"

"म्हणूनच तर."

सहादूमामा चहा गाळता गाळता म्हणाला, "सचिव झालं तर आईला वळखंना. कलेक्टर झालं म्हंजी देवालाबी वळखायचं नाय हे पोरगं."

आम्ही दोघं हसलो. मंगळूही हसला, पण जागचा हलला नाही. पुस्तकात लिहिलं होतं, समितीतल्या कुणाचं नात्यातलं माणूस दर देत असेल तर त्यानं त्या खरेदीपासून लांब राहायचं. तो रस्ताभर लांब राहिला.

कुसाबाई आत येऊन स्टुलावर न बसता खाली बसली. "तू वाळलास रं," म्हणाली. मग उठून माझ्या कानापाशी आली आणि एका रोपाचा दर सांगितला. दुकानात दुसरं कुणीच नव्हतं, तरी कानात. मग म्हणाली, "गटातली चतुरा म्हणत व्हती आजून आठाणे खाली धरू. मीच म्हनलं नको. पुढल्या वर्साच्या पिशव्यांचं पैसं तरी सुटलं पाह्यजेत."

मी टाईप केलं. बायकांच्या गटाला लेटरहेड नव्हतं, तर वर एक पान टाकलं, हिरवं. तिनं ते निरखून बघितलं.

"हे कशाचं पान हाय?"

"कशाचं नाही मावशी, कॉम्प्युटरमधलं आहे."

"मग करंजाचं काढ की."

"करंजाचं यात नाही."

"बरं, ऱ्हाऊ दे. पानच हाय ना."

तिनं सही केली. गटात शिकलेली सही, एक एक अक्षर उभं करत. पाकिटाला डिंक लावला आणि अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवलं, परत उघडू नये म्हणून. मी पैसे घेतले नाहीत. म्हणजे तिचा दर जगात दोनच पुरुषांना कळू शकला असता. एक रस्त्यापलीकडे पाठ करून उभा होता. दुसरा मी.

लाईट गेली होती. आली आत्ता. वरचं वाचलं नाही, वाचलं तर खोडीन.

दोन दिवसांनी रविराजभाऊ आले.

रविराजभाऊ म्हणजे माझं मोठं गिऱ्हाईक. सप्लायर. खताच्या पोत्यापासून शाळेच्या घंटेपर्यंत काहीही पुरवतात. मूळचे आमच्याच बागलाणातले, त्यामुळे आल्या आल्या अहिराणीत "काय शे मास्तर!" म्हणून ओरडतात, आणि मला बरं वाटतं. या गावात मला मास्तर म्हणणारा दुसरा कुणी नाही. त्यांनी इंदिरानगरला गाळा घेतला होता. "तिथं कॉम्प्युटर टाकतो, तू बस, अर्धा धंदा तुझा," असं ते गेले चार महिने म्हणत होते.

"तीन बनव. माझं, साडूचं आणि उज्वलाच्या नावाचं," म्हणाले. उज्वला म्हणजे त्यांची बायको. तिच्या नावावर एक नर्सरी आहे, कागदावर. "करंज, आवळा, शिवण. पेठची समिती."

पेठ आणि ही रोपं ऐकली तेव्हाच मी थांबायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. 'भाऊ, हे काम दुसरीकडं करा.' माझ्याकडे टोनर संपलाय असंही म्हणता आलं असतं. मी फाईल उघडली.

त्यांनी दर सांगितला आणि माझी बोटं कीबोर्डवर थांबली. खरंच नुसती थांबली. कुसाबाईच्या दरापेक्षा चाराणे वर होता.

"काय झालं रे?"

"काही नाही भाऊ."

"गावातल्या बायकांचंबी पाकीट हाय म्हणं ह्या टायमाला. तुझ्याकडंच आल्या असतील. पेठचं सगळं पब्लिक तुझ्याकडंच येतंय."

मी स्क्रीनकडेच बघत म्हणालो, "भाऊ, एवढ्यात नाही बसणार."

एवढंच म्हणालो. दर नाही सांगितला. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, की मी दर काही सांगितला नाही.

"मग? रुपया उतरू?"

"रुपया कशाला घालवता भाऊ उगाच. आठाणे खूप झाले."

म्हणजे बघा. मी नुसतं फोडलं नाही, त्यांचं जास्तीचं नुकसानही होऊ दिलं नाही. बरोबर चाराणे खाली. इतकं चोख काम.

का केलं, हे मंगळूनं विचारलं नाही पण मी स्वतःला विचारलंय. गाळ्यासाठी? थोडं असेल. पण त्या घटकेला गाळा डोक्यात नव्हता. मला हुशार दिसायचं होतं. मला काहीतरी माहीत होतं, आणि समोरच्या माणसाला कळावं की याला माहीत आहे, एवढ्यासाठी. कुसाबाई डोळ्यांपुढे आलीच नाही. तिचं ते कोटेशन म्हणजे माझ्या टेबलावरचा एक कागद होता, आणि माझ्या टेबलावरचे कागद खोटेच असतात, याची मला सवय झाली होती. खरा कागद ओळखायचीच माझी सवय गेली होती.

रविराजभाऊंनी पाठीवर थाप मारली. "मास्तर, तू लई पुढं जाणार." मग मी साडूच्या नावाची सही उजव्या हातानं केली आणि उज्वलावहिनींची डाव्या.

गेल्या शुक्रवारी मंगळू आला. खांद्यावर तांदळाचं पोतं, अर्धं भरलेलं. टेबलाखाली ठेवलं आणि पंख्याखाली बसला.

"पाकिटं फोडली," म्हणाला. "आईचं गेलं."

मी म्हणालो, "अरेरे."

मग त्यानं सांगितलं. शाळेत बैठक होती. अध्यक्ष बारकूदादांनी पाकिटं हातात घेतली तसा हा उठला आणि म्हणाला, आईच्या गटाचं पाकीट आहे, मी बाहेर बसतो. बारकूदादा म्हणाले, बस रे, तू कुठं परका. तर हा म्हणाला, परका नाही म्हणूनच. जाऊन शाळेच्या हातपंपाच्या ओट्यावर बसला. पाणी भरायला आलेल्या बायका विचारत होत्या, सचिवाला शिक्षा झाली का काय, वर्गाबाहेर काढलं? आतून बारकूदादांनी आवाज दिला तेव्हा कळलं. रविराजभाऊंचा दर चाराणे कमी.

"बायका भडकल्या असतील," मी म्हणालो.

"माझ्यावर भडकल्या असत्या तर चाललं असतं." तो म्हणाला. "आईवर भडकल्या. चतुराबाई सगळ्यांसमोर म्हणाली, आठाणे कमी धरू म्हणत होते, हिनं हाव केली. कुसाबाईनं हाव केली. आता पाड्यावर तेच चाललंय. आई रोपांना पाणी घालायला जात नाही. बाकीच्या जातात, ही घरातच. मी म्हणालो, आई, आपण नियमानं हरलो, त्यात लाज कसली. चारचौघांत उभं राहून म्हणालो मी. माझ्या तोंडानं."

मग पोत्याकडे हात करून म्हणाला, "हे तिनं दिलंय. तू टायपिंगचे पैसे घेतले नाहीस ना. आणि सांगायला सांगितलंय, पोरानं काम झ्याक केलं होतं, पानबी चांगलं होतं, दर माझाच चुकला."

पोतं माझ्या पायाला लागत होतं. मी पाय मागे घेतला.

चतुराबाईचं ऐकलं असतं, तरी काही झालं नसतं. आठाणे खाली धरले असते तर मी रविराजभाऊंना तेही सांगितलं असतं. कुसाबाई कुठल्याच दरानं जिंकणार नव्हती. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि ती घरात बसून स्वतःला हावरट म्हणत होती.

मी सांगून टाकलं. कसं सांगितलं आठवत नाही, उलटसुलट सांगितलं. आधी शेवट, मग मधलं. मंगळू ओरडला नाही. ओरडला असता तर मी रडून मोकळा झालो असतो. त्यानं बैठकीत विचारतात तसं विचारलं.

"रविराजच्या नावाचं तू टाईप केलंस?"

"हो."

"बाकी दोन?"

"तीही."

"सह्या?"

"दोन माझ्या."

"आणि आईचं धरून चार. चारही ह्या टेबलावरची."

"हो."

तो टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी दोनदा बाहेर बसलो, मन्या. एकदा तिकडं चहाच्या गाडीवर, एकदा हातपंपावर. लोक हसले. आणि दोन्ही वेळा आत तू बसला होतास."

एक बाई रेशनकार्डाच्या झेरॉक्स काढायला आल्या, मी उठून काढून दिल्या, सुट्टे दिले. परत आलो तर तो तसाच बसलेला.

मी म्हणालो, "मी लिहून देतो. आत्ता टाईप करतो, सगळं कबूल करतो, खाली सही करतो."

"कुणाची सही?"

मी कीबोर्डवरचा हात काढला.

"तुझं लिहिलेलं नको," तो म्हणाला. "तू तीन माणसांच्या नावानं तीन प्रकारचं लिहितोस. चौथा कागद मी कुणाला दाखवू? गुरुवारी ग्रामसभा आहे. रविराजला काम द्यायचा ठराव येणार. त्याच्या आधी येऊन उभा राहा आणि बोल. आई असेल, चतुराबाई असेल, सगळ्या असतील. तोंडानं बोल."

"मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

"एवढ्यात नाही बसणार, हे बोलता आलं की."

मग मी विचारलं, आणि विचारताना माझीच मला किळस आली, "केस होईल का रे माझ्यावर?"

"माहीत नाही. होईलही."

"दुकान जाईल."

"जाईल."

तो उठला. मी म्हणालो, "तांदूळ घेऊन जा." तर म्हणाला, "ते आईनं दिलेत. परत न्यायचे का, ते ती ठरवील. आधी तिला कळू दे." दारात थांबला. "शाळेसमोरच्या दुकानात फोन आलाय आता. बुधवारपर्यंत कळव. नाही आलास तर मी सांगीन. पण मग ते माझं सांगणं होईल. मुलगा आईसाठी सांगतोय, असंच म्हणतील."

शनिवारी रविराजभाऊ आले होते. पेढे घेऊन. काम मिळाल्यातच जमा होतं ना.

"मास्तर, गाळ्याला रंग देऊन झाला. नेमप्लेट बनव. तुझं नाव वर, माझं खाली बारीक."

मी विचारलं, "भाऊ, रोपं कुठून आणणार?"

"मिळतील कुठंतरी. तू कशाला लोड घेतो? झाड ते झाड." मग हसत म्हणाले, "त्या बायकांकडूनच घेईन निम्म्या भावात. त्यांना तरी कुठं गिऱ्हाईक हाय दुसरं."

तो पेढा माझ्या तोंडात होता. गिळला.

आता हेही सांगतो, कारण सांगायचं म्हटलं तर सगळंच. ते गेल्यावर मी नेमप्लेट बनवली. माझं नाव टाईप केलं, मोठं केलं, अक्षर बदलून बघितलं, खाली सावली दिली. छान दिसत होतं. दहावी नापास माणसाचं नाव इतकं छान दिसू शकतं हे मी पहिल्यांदा बघितलं. बराच वेळ बघत बसलो. शुक्रवारी मंगळूसमोर रडवेला झालेला मी, आणि शनिवारी हा. तेव्हा कळलं की गुरुवारी गेलो नाही तर मी या नेमप्लेटखाली जन्मभर बसणार, आणि मला त्याचं काही वाटेनासंही होईल. कोटेशनांचं झालं तसंच.

रविवारी तांदळाच्या पोत्याचं तोंड सोडलं. भात करायला नाही, उंदीर लागू नये म्हणून डब्यात काढायला. आत कडुनिंबाचा पाला घातला होता, कीड लागू नये म्हणून. आणि वर एका कागदात बांधलेलं थोडं नागलीचं पीठ. मी मागितलं नव्हतं. तिनं आठवणीनं घातलं होतं. ज्या दिवसात ती स्वतः बाहेर तोंड दाखवत नव्हती त्या दिवसात.

मी पोतं परत बांधलं. ते जसंच्या तसं न्यायचं ठरवलं. सगळं ऐकून मग तिनंच म्हणावं, ठेव किंवा नको.

आज बुधवार. वरचं काल-परवा लिहिलेलं. सकाळी मालक उदबत्ती लावायला आला तेव्हा त्याला सांगितलं, उद्या सुट्टी पाहिजे. का म्हणून विचारलं, तर म्हणालो, एका गावात बोलायचंय. तो हसला. "तू? बोलायचंय?" मग बघितलं माझ्याकडे आणि हसायचा थांबला. परत आल्यावर तो मला ठेवेल असं वाटत नाही. त्याला अजून काही माहीत नाही.

नेमप्लेटची फाईल डिलीट केली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का. 'हो' दाबलं. मग दुकान सहादूमामाला बघायला सांगून पलीकडच्या एसटीडी बूथवर गेलो आणि फोन लावला. तिकडून कुणीतरी उचलला. "मंगळूसचिवांना बोलवा," म्हटलं तर तो माणूस कुणाला तरी ओरडून म्हणाला, "ए, हातपंपवाल्याला बोलवा रं!" मागून हसण्याचा आवाज आला. म्हणजे हे नावच पडलंय त्याचं आता. फोन हातात धरून मी उभा होतो आणि ते हसणं ऐकत होतो. ते माझ्यामुळे होतं.

मग त्याचा आवाज आला. दमलेला.

"बोल."

"मन्या बोलतोय."

"ते कळलं. बोल."

"पहिल्या गाडीनं येतो."

बूथवाल्याचं मीटर पुढे सरकत होतं.

"आईला काही सांगितलंस का?" मी विचारलं.

"नाही. तुझं तू सांग."

"ती घराबाहेर येईल का सभेला?"

"नाही म्हणते. मी आणीन कसंतरी." मग म्हणाला, "मन्या, टाईप करून आणू नकोस हां काही. वाचून दाखवशील."

मला हसू आलं. कारण ही पानं मी आधीच टाईप करत होतो, त्यालाही ते माहीत असणार. दहा वर्षं ओळखतो तो मला.

"नाही आणत," मी म्हणालो. "हात रिकामे घेऊन येतो, तांदळाचं पोतं तेवढं असेल. तिला सभेला कशाला ओढून आणतोस? मीच आधी घरी येतो. तिच्यासमोर खाली बसतो, आणि तिच्याकडं बघून सांगतो, मावशी, तुमचा दर बरोबर होता, चोरी मी केली. ती येणार असली तर तिला घेऊन, नसली तर एकटा, मग शाळेत जातो आणि सगळ्यांसमोर तेच सांगतो. माझ्या नावानं. शब्द देतो तुला, मंगळू."